इस्त्री केलेला सूर्य

आमच्या घरात सूर्याशी सगळ्यात जुनी ओळख आईची. ती बिबवेवाडीत एका सोसायटीच्या गच्चीवर लोकांचे पापड, कुरडया आणि सांडगे वाळत घालते. बाबांचं सूर्याशी फारसं पटत नाही. त्याच सोसायटीच्या फाटकाशेजारी पत्र्याखाली त्यांचं इस्त्रीचं टेबल आहे, इस्त्री कोळशाची आहे, आणि वरून सूर्याने आणखी भर घालावी असं त्यांना कधीच वाटलेलं नाही. माझी ओळख पुस्तकातली. मी फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे मला जे काही येतं ते खरोखर येतं की नाही, हे घरात कुणाला तपासता येत नाही. मलाही नाही.

अभ्यास मी बाबांच्या टेबलाच्या कडेला बसून करते. कपडे कमी असले की जागा जास्त मिळते. लग्नसराईत मात्र माझी वही साड्यांच्या ढिगाखाली जाते आणि एकदा तर घडी होऊन तिसऱ्या मजल्यावर पोचली होती. सोसायटीत एक वाचनखोली आहे. पहिल्या मजल्यावर, पंख्याची, खिडकीची. तिच्यात गणपतीची सजावट आणि एक पाय मोडलेला कॅरम बोर्ड राहतो. दारावर पाटी आहे: ‘वाचनखोली फक्त सभासदांसाठी. सभासदांनीही वाचण्यासाठीच यावे.’ किल्ली सेक्रेटरीकाकांकडे. आम्ही सोसायटीत काम करतो, राहत नाही, म्हणजे सभासद नाही. वर्षभर मी त्या दाराकडे बघून जिना उतरत होते.

सेक्रेटरीकाका बँकेतून निवृत्त झालेले आहेत. ते सगळ्यांना ‘आपण’ म्हणतात. मला, बाबांना, मांजराला. त्यामुळे त्यांना नक्की राग आलाय की नाही हे कळत नाही.

झालं असं की काकांच्या सहा वर्षांच्या नातीने शाळेत सांगितलं, सूर्य रात्री वारज्याला जातो. तिची आत्या वारज्याला राहते आणि संध्याकाळी फोनवर आत्या म्हणाली होती, “आमच्याकडे अजून ऊन आहे बरं का.” नातीने त्यावरून जे काय ठरवायचं ते ठरवलं. शाळेतून चिठ्ठी आली. काका कपडे घ्यायला खाली आले तेव्हा चिठ्ठी त्यांच्या खिशातच होती. ती काढून त्यांनी बाबांना वाचून दाखवली.

बाबा एरवी गिऱ्हाइकाशी बोलत नाहीत. त्या दिवशी काय झालं कुणास ठाऊक. पँटची घडी देता देता म्हणाले, “साहेब, आमची पोरगी शिकवंल की. ती सूर्याचंच शिकतीया.”

मी काही सूर्याचंच शिकत नव्हते. आमच्या वर्गात तेव्हा भिंगं चालू होती. पण मी काही बोलायच्या आत काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

“आपण शिकवाल?”

“मी... म्हणजे प्रयत्न करीन. नक्की जमेल असं नाही.”

“नक्की जमेल म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. रविवारी सकाळी साडेनऊला, पार्किंगमध्ये, सोसायटीची सगळी मुलं. साडेदहाच्या आत संपवा. नंतर तिथे ऊन येतं.”

सूर्याचा कार्यक्रम ऊन यायच्या आत संपवायचा होता. मला हसू आलं, पण मी ते दाबलं, कारण तेव्हाच बाबांनी पुढचं वाक्य टाकलं. “साहेब, जमलं तर त्या खोलीची किल्ली द्याल का हिला? अभ्यासाला?”

मला जमिनीत जावंसं वाटलं. काकांनी पँटची घडी उलटून पालटून पाहिली. “शेवटी मी नातीला विचारीन. तिला कळलं असेल तर बघू. परीक्षा आपली आहे, तिची नाही.”

त्या दिवसापासून माझी वार्षिक परीक्षा एका सहा वर्षांच्या मुलीच्या डोक्यात अडकली.

मी ठरवलं की मुलांना सूर्याचा आकार दाखवायचा. पुस्तकात ‘पृथ्वीच्या सुमारे एकशे नऊ पट रुंद’ असं लिहिलेलं असतं, पण एकशे नऊ पट म्हणजे किती हे मलाही डोळ्यांसमोर येत नव्हतं. हिशेब केला. सूर्य एक मीटर रुंद केला तर पृथ्वी होते छोल्यांच्या एका दाण्याएवढी. आईने डब्यातून सात-आठ दाणे काढून दिले आणि म्हणाली, “कार्यक्रम झाला की परत आण. उसळीला कमी पडतील.”

सूर्यासाठी बाबांनी एक जुनी पांढरी चादर काढली. सुतळीला खडू बांधून गोल आखला, कापला, कडेने शिवून घेतला. चादर पांढरीच ठेवावी असं माझ्या मनात होतं, कारण सूर्य खरा पांढराच आहे, हवेतून बघताना आपल्याला पिवळसर वाटतो. मी काकांना तसं सांगितलं. काका म्हणाले, “पिवळा करा. पांढरा गोल म्हणजे चंद्र, असं मुलांना वाटेल आणि आणखी एक चिठ्ठी येईल.” मला वाद घालता येत नाही. आईने हळदीच्या पाण्यात चादर बुडवून गच्चीवर वाळत टाकली. कुरडयांच्या शेजारी सूर्य वाळत पडला होता.

मग अंतराचा प्रश्न आला. सूर्य एक मीटरचा, तर पृथ्वी त्याच्यापासून एकशे सात मीटर लांब पाहिजे. आमच्या सोसायटीची मागची भिंत ते फाटक मी पावलांनी मोजलं. पृथ्वी फाटकात मावत नव्हती. गल्ली ओलांडून ती बरोबर समोरच्या सोसायटीच्या वॉचमनच्या खुर्चीपाशी जात होती. आणि समोरच्या सोसायटीशी काकांचं बोलणं बंद होतं, कारण त्यांच्या बदामाची पानं आमच्या बाजूला पडतात.

“पृथ्वी त्यांच्याकडे?” काकांनी विचारलं. “सूर्य लहान करा.”

“केला असता, पण बाबांनी कापड कापलं. शिवलंही.”

काकांनी समोरच्या फाटकाकडे बघितलं. “ठीक आहे. देऊन टाका त्यांना पृथ्वी. तसंही त्यांच्याकडे पाणी येत नाही.”

रविवारी सकाळी सातला बाबांनी कोळसे पेटवले. सूर्याला शेवटची इस्त्री करायची होती. कालपासून ते विचारत होते, स्टार्च करू का, कडक पाहिजे का, मधे घडी दिसली तर चालेल का. त्यांना इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. ते माझ्याकरता घाबरले होते आणि मी त्यांच्याकरता, त्यामुळे आम्ही दोघं एकमेकांना धीर देत होतो आणि तो कुणालाच मिळत नव्हता.

मी टेबलाशेजारी उभी राहून मोठ्याने उजळणी करत होते. “सूर्य हा तारा आहे. तो घट्ट नाही, तापलेल्या वायूंचा गोळा आहे. त्यात सगळ्यात जास्त हायड्रोजन, मग हेलियम. त्याच्या पृष्ठभागाचं तापमान साधारण साडेपाच हजार अंश सेल्सिअस...”

बाबा थांबले. “किती?”

“साडेपाच हजार.”

“अन् ही माझी?”

“इस्त्री? दोनशेच्या आसपास असेल. मला नक्की माहीत नाही.”

बाबा माझ्याकडे बघत राहिले. वीस-बावीस वर्षं त्यांनी ज्या गोष्टीला जगातली सगळ्यात तापलेली गोष्ट मानलं होतं, ती एका वाक्यात इतकी खाली आली होती. “म्हंजे ही तर गारच हाय,” ते हळूच म्हणाले.

मग वास आला.

इस्त्री उचलली तेव्हा सूर्याच्या उजव्या बाजूला, मध्यापासून थोडा वर, टोकदार तपकिरी डाग होता. हुबेहूब इस्त्रीच्या तळाचा. बाबांनी इतक्या वर्षांत एक सदरा जाळला नव्हता. आसपासच्या तीन इमारती त्यांना त्यासाठी ओळखतात. आणि आता त्यांनी सूर्य जाळला होता.

ते ओल्या फडक्याने डाग पुसत राहिले. पुसल्याने हळद गेली आणि डाग जास्त उठून दिसायला लागला.

“असू दे बाबा,” मी म्हणाले. “सूर्यावर डाग असतात. खरंच असतात.”

“माझी समजूत नको काढू.”

“नाही, पुस्तकात आहे.” होतं. पण त्याबद्दल मला फक्त एकच ओळ आठवत होती: तो भाग आजूबाजूपेक्षा कमी तापलेला असतो, म्हणून काळपट दिसतो. ती ओळ मी तेव्हा खरी म्हणून सांगत होते की बाबांसाठी, हे मला आजही सांगता येणार नाही.

साडेनऊला तेरा मुलं आली. दोरीला चिमटे लावून सूर्य मागच्या भिंतीवर टांगला होता. डाग झाकायला बाबांनी त्यावर जास्तीचे चिमटे लावून बघितले, पण त्याने तो गुळगुळीत सूर्य उगाच दाढीवाला दिसायला लागला, म्हणून काढले. आई एका बाजूला मेथी निवडत बसली. काका खुर्ची टाकून बसले, हातात घड्याळ.

मी पहिल्यांदा सांगितलं की सूर्याकडे थेट बघायचं नाही, कधीच नाही, गॉगल लावूनसुद्धा नाही. एका मुलाने विचारलं, “याच्याकडे बघू का?” आणि चादरीकडे बोट दाखवलं. मी म्हणाले, याच्याकडे बघ. त्याने डोळे बारीक करूनच बघितलं.

मग मी सांगितलं की सूर्य खरा पांढरा आहे.

“मग हा पिवळा का केला?” काकांच्या नातीने विचारलं. ती पुढे बसली होती, दोन वेण्या, पुढचा एक दात नसलेला.

मला खोटं पटकन सुचत नाही. “आजोबांनी सांगितलं म्हणून.”

काकांनी घड्याळात बघितलं. आईची मेथी थांबली. किल्ली माझ्या हातातून निसटून जिन्यावरून खाली गडगडत जाताना मला जवळजवळ ऐकू आली.

“पुढे चला,” काका म्हणाले.

पुढे प्रकाश होता. सूर्यावरून निघालेल्या प्रकाशाला पृथ्वीवर यायला आठ मिनिटं आणि वीस सेकंद लागतात. आमच्या मापात ते दर सेकंदाला एक वीत येत होतं. म्हणून मुलांनी प्रकाश व्हायचं आणि सेकंदाला एक वीत अशा चालीने सूर्यापासून पृथ्वीपर्यंत जायचं, असं मी ठरवलं होतं. पृथ्वी आधीच नेऊन ठेवायला मी समोर गेले. वॉचमनने खुर्चीतून न उठता वही पुढे केली.

“कुणाकडे जायचंय?”

“कुणाकडे नाही. हा दाणा इथे ठेवायचाय. ही पृथ्वी आहे.”

त्याने दाण्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. “नाव लिहा. आणि काम काय ते लिहा.”

मी नाव लिहिलं आणि कामाच्या रकान्यात ‘पृथ्वी ठेवणे’ असं लिहिलं. त्याने वाचलं, मान डोलावली आणि आपला स्टीलचा पेला उपडा करून त्यावर दाणा ठेवू दिला. “किती वेळ राहणार?” त्याने विचारलं. मी म्हणाले, दहा मिनिटं.

सेकंदाला एक वीत चालणं मुलांना अशक्य आहे, हे मला माहीत नव्हतं. पहिल्या सात-आठ पावलांपर्यंत तेरा मुलं नवरीसारखी चालली. मग एक आठ वर्षांचा मुलगा सुटला आणि अर्ध्या मिनिटात फाटक गाठून ओरडला, “मी पोचलो!”

“प्रकाशापेक्षा जोरात काहीच जाऊ शकत नाही,” मी ओरडले.

“मी गेलो ना!”

मागून एक स्कूटर आली. मुलं मधोमध चालली होती. स्कूटरवाल्या काकूंनी हॉर्न वाजवला. सेक्रेटरीकाका खुर्चीतून म्हणाले, “प्रकाशाने डाव्या बाजूने चालावे.” सगळा प्रकाश डावीकडे सरकला. गल्ली ओलांडताना बाबा इस्त्री ठेवून आले आणि दोन्ही बाजूंच्या गाड्यांना हात करून उभे राहिले. एक रिक्षावाला थांबून म्हणाला, “काय आहे हो, मिरवणूक?” बाबा म्हणाले, “उजेड चाललाय.”

आम्ही पोचलो तेव्हा पेल्यावर काहीच नव्हतं. वॉचमन उभा राहून खुर्चीखाली बघत होता. “आत्ता होती हो ताई. फोन आला म्हणून जरा वळलो.”

तेरा मुलं गुडघ्यांवर बसून समोरच्या सोसायटीच्या फाटकात पृथ्वी शोधायला लागली. बदामाची पानं उचलून बघितली. वॉचमननेही चटई झटकली. पृथ्वी सापडली नाही. आईने दिलेल्या दाण्यांपैकी सहा माझ्या खिशात होते, त्यातला एक मी पेल्यावर ठेवला. नात म्हणाली, “ताई, पहिल्या पृथ्वीवरचे लोक?” मी म्हणाले, ते बहुतेक ठीक असतील. मग तिथून मागे वळून सगळ्यांनी सूर्याकडे बघितलं. लांब, दोन फाटकांच्या पलीकडे, भिंतीवर एक पिवळा ठिपका, बोटाच्या नखाएवढा. सगळे एकदम गप्प झाले. तो रिक्षावालाही. मलाही तो तसा पहिल्यांदाच दिसत होता आणि क्षणभर मला शिकवायचं आहे हे मी विसरले.

परत आलो तेव्हा सव्वादहा झाले होते. मी दिवस-रात्रीकडे वळले. मुलांना गोल फिरायला लावलं, चेहरा सूर्याकडे आला की दिवस, पाठ आली की रात्र. तीन मुलांना चक्कर आली आणि एक तिथेच ‘रात्री’ झोपून गेल्याचं नाटक करायला लागला. आणि तेवढ्यात पार्किंगमध्ये ऊन आलं.

काकांनी घड्याळ हलवून बघितलं. “साडेदहाला येतं.”

“महिन्यापूर्वी यायचं,” आई मेथीतून मान वर न करता म्हणाली. “आता लवकर येतं. दर आठवड्याला थोडं थोडं सरकतं. माझे पापड मी त्यावरच लावते.”

काकांनी घड्याळ खिशात टाकलं. आईला उलट बोलताना मीही पहिल्यांदाच ऐकलं.

ऊन थेट चादरीवर पडलं आणि डाग असा काही झळकला की शेवटच्या रांगेतल्या मुलानेही बोट दाखवलं. “ताई, ते काय आहे?”

बाबा फाटकाशी उभे होते. त्यांनी मान खाली घातली.

“सूर्यावर असे डाग असतात,” मी म्हणाले. “असे टोकदार नसतात. पण असतात. तिथे सूर्य आजूबाजूपेक्षा जरा गार असतो. गार म्हणजे तरी इस्त्रीपेक्षा कितीतरी पट गरम.”

नात उठून चादरीजवळ गेली. तिने डागाचा वास घेतला. “पण इस्त्रीने जास्त गरम झालं की डाग पडतो. मग सूर्याला गार झाल्यावर कसा पडतो? आणि तोच भाग गार का होतो?”

मी तोंड उघडलं. त्या एका ओळीच्या पुढे माझ्याकडे काहीच नव्हतं. काहीतरी ठोकून देता आलं असतं, तेरा जणांपैकी कुणाला कळलं नसतं. मी काकांकडे बघितलं, बाबांकडे बघितलं.

“मला माहीत नाही,” मी म्हणाले. “वाचून सांगते.”

“ताईला माहीत नाही!” आठ वर्षांचा प्रकाश आनंदाने ओरडला.

काका उठले. खुर्ची उन्हातून सावलीत ओढली, पुन्हा बसले आणि नातीला समोर उभं केलं. “आता आपण सांगा. सूर्य रात्री कुठे जातो?”

“कुठेच जात नाही. आपण वळतो.”

“आणि वारज्याला?”

“वारज्यालाही तेव्हा रात्रच असते. कारण वारजे पण त्याच छोल्यावर आहे.”

काकांच्या ओठाचा एक कोपरा हलला. “हा डाग कसला?”

“तिथे सूर्य थोडा गार असतो,” ती म्हणाली. मग बाबांकडे बघून तिने आवाज खाली केला. तो सगळ्यांना ऐकू गेला. “पण हा इस्त्रीकाकांनी जाळलाय.”

“दोन्ही उत्तरं बरोबर. आणि तो भाग गार का होतो?”

“ते ताईला माहीत नाही.”

“हं.” काका माझ्याकडे वळले. “आपल्याला माहीत नाही.”

“नाही, काका.”

“वाचून सांगणार म्हणालात.”

“हो.”

“कुठे वाचणार? त्या टेबलावर? सदऱ्यांमध्ये?”

काकांनी सदऱ्याच्या खिशातून किल्ली काढली. ती त्यांनी घरूनच आणली होती, हे माझ्या नंतर लक्षात आलं. “कॅरम बोर्ड हलवू नका, त्याला भिंतीचा आधार आहे. पुढच्या रविवारपर्यंत उत्तर हवं. हिला, आणि मलाही.” मग जाता जाता मागे न बघता म्हणाले, “आणि पुढच्या वेळी पांढरा करा.”

मुलं पांगली. मी फाटकापाशी गेले. बाबांनी कोळसे खाली-वर केले, एक सदरा अंथरला, पण इस्त्री उचलली नाही.

“डाग सगळ्यांनी बघितला ना?”

“सगळ्यांनी. त्याच्यावर प्रश्नही आला. मला उत्तर आलं नाही.”

“मग?”

“मग ही. ते उत्तर वाचायला.” मी किल्ली टेबलावर ठेवली. बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग भिंतीवरच्या त्या सूर्याकडे. त्यांचा विचार चेहऱ्यावरून अगदी हळू, सेकंदाला एक वीत अशा वेगाने, सरकताना मला दिसला.

“आधी सांगायचं नाय व्हय,” ते म्हणाले. “आणिक दोन डाग पाडले असते.”